एका पाण्याचं वर्ष

समुद्राचा अभ्यास करायचा तर समुद्राकाठी राहावं लागतं. ही गोष्ट इतकी उघड आहे की अभ्यासक्रमात ती कुठेच लिहिलेली नसते, आणि लिहिलेली नसते म्हणून आपल्याकडची प्राणिशास्त्राची बहुतेक मुलं समुद्र दोन दिवसांच्या सहलीत उरकतात. मला तो राहून शिकता आला. तमिळनाडूतल्या कडलूर जिल्ह्यात वेल्लार नदी बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाशी परंगीपेट्टई नावाचं गाव आहे. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत त्याला पोर्टो नोव्हो म्हणतात; १७८१ साली हैदर अली आणि सर आयर कूट यांची लढाई झाली ती याच गावाजवळ. नदीच्या अगदी काठावर अण्णामलै विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्राचं केंद्र आहे. प्रा. आर. व्ही. शेषय्या यांनी त्याचा पाया घातला आणि १९६० च्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याला प्रगत अध्ययन केंद्राचा दर्जा दिला. मी २०१० ते २०१२ या काळात तिथे एम.एस्सी. केलं. वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, संग्रहालय, वसतिगृह सगळं चालत जाण्याच्या अंतरात, आणि खाडी तर दारातच.

अशा जागांची कल्पना जुनी आहे. आंतोन डोर्न नावाच्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये नेपल्सला समुद्रकाठी एक केंद्र बांधायला घेतलं. ते चालवायला त्याने एक साधी युक्ती काढली. विद्यापीठांनी आणि सरकारांनी वर्षाचे पैसे भरून तिथलं एक टेबल घ्यायचं आणि आपला माणूस पाठवायचा. टेबलाबरोबर त्या माणसाला मिळायचे सकाळी होडीतून आलेले जिवंत प्राणी. बाटलीतल्या मेलेल्या प्राण्यावर शिकलेल्या माणसांना डोर्नने जिवंत प्राण्यासमोर बसवलं. माझ्या मते जीवशास्त्रात त्या शतकात ज्या मोठ्या गोष्टी झाल्या, त्यांत ही एक आहे, आणि तिला मिळायला हवा तेवढा मान मिळालेला नाही.

मी कोकणातल्या हर्णैच्या बाजूची. लहानपणापासून खडपांवरून फिरलेली, कालवं फोडणाऱ्या बायकांच्या मागे मागे गेलेली. भरतीची वेळ काढायचा आमच्याकडचा हिशेब मला शाळेच्या आधी येत होता. तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं, जे येईल त्या वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. म्हणजे आमच्या किनाऱ्यावर उधाणाची मोठी ओहोटी नेहमी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला लागते, आणि खडपं उघडी पडायची वेळ ठरलेली असते. परंगीपेट्टईला हा हिशेब लागूच पडला नाही. तिथल्या भरतीच्या वेळा वेगळ्या, आणि भरती-ओहोटीतला फरकही फार थोडा. उधाणालाही पाणी जेमतेम मीटरभर चढतं-उतरतं. खडप तर औषधालाही नाही. नजर जाईल तिथवर वाळू, आणि आत खाडीत चिखल. सूर्य समुद्रातून वर येतो, हे पहिल्या दिवशी पाहिलं तेव्हा मी दिशा दोनदा तपासली.

पावसाचंही तसंच. आपल्याकडे जून म्हणजे पाऊस आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. तिथे जून कोरडा ठणठणीत. मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मान्सूनचा. ट्रॉलरची मासेमारी बंदी पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिलपासून, तेव्हा ती ४५ दिवसांची असायची. आमच्या केंद्रातल्या प्रत्येक प्रबंधात वर्षाचे चार भाग केलेले असतात: जानेवारी ते मार्च पावसानंतरचा काळ, एप्रिल ते जून उन्हाळा, जुलै ते सप्टेंबर पावसाआधीचा काळ, ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाळा. मी हे कोष्टक पहिल्याच आठवड्यात वहीत उतरवून घेतलं. ते अंगात मुरायला मात्र पूर्ण वर्ष लागलं, कारण ते कोष्टक म्हणजे पाण्याचं चरित्र होतं आणि पाणी आपल्या गतीनेच बदलत होतं.

शिक्षण सुरू झालं ते बादलीपासून. धक्क्यावरून बादली सोडायची, पाणी वर घ्यायचं, तापमान घ्यायचं, रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब ठेवून उजेडाकडे धरायचा आणि निळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरचा आकडा वाचायचा. तो आकडा क्षारतेचा, हजार भागांत मीठ किती त्याचा. उघड्या समुद्रात तो पस्तिशीच्या घरात असतो. आमच्या खाडीत मे महिन्यात तो जवळपास तेवढाच असायचा, आणि नोव्हेंबरात नदीला पूर आला की पाच-सहावर यायचा. एका जागी उभं राहून एक जीव वर्षभरात समुद्रातून जवळजवळ गोड्या पाण्यात जातो आणि परत समुद्रात येतो. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ वाचणं वेगळं, आणि आठवड्यामागून आठवडे तोच थेंब त्याच काचेवर ठेवून आकडा एकेक घराने खाली सरकताना पाहणं वेगळं.

आमचे एक सर पहिल्याच तासाला म्हणाले होते, "सँपल आणणं म्हणजे अभ्यास नव्हे. आदल्या आठवड्याचं सँपल लक्षात ठेवून आजचं पाहणं म्हणजे अभ्यास." त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, पण कुणी खाडीवर न जाता वहीत आकडा लिहिला असेल तर त्यांना कसं कळायचं कोण जाणे, कळायचंच.

या सगळ्यात मला सर्वाधिक शिकवलं ते चोवीस तासांच्या सँपलिंगने. खाडीत एक जागा ठरवायची, होडी नांगरायची, आणि दर तीन तासांनी तेच पाणी तपासायचं. दिवसभर, रात्रभर, दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेपर्यंत. मार्चमधली पौर्णिमेच्या आसपासची रात्र होती. होडीत आम्ही चौघं विद्यार्थी, आणि होडी चालवणारे एक वयस्कर कोळी. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, तशी मीही. ते मला तंगच्ची म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण.

पाण्यातला ऑक्सिजन मोजायची विंकलरची रीत रसायनशास्त्राच्या तासाला सगळ्यांनी केलेली असते. होडीत तिची गंमत कळते. काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. मग पिपेट तळाशी नेऊन आधी मँगेनस सल्फेट आणि नंतर अल्कलीयुक्त आयोडाइड सोडायचं. बाटलीत गढूळ लोळ उठतो आणि खाली बसतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तो साका तपकिरी, नसेल तर पांढरा. पुढचं आम्ल घालणं, ब्यूरेटमधून थायोसल्फेट थेंबथेंब सोडणं, स्टार्चचा निळा रंग एका थेंबासरशी नाहीसा होणं, हे सगळं नंतर प्रयोगशाळेत. पण आकडा यायच्या आधीच बाटल्या बोलत असतात. दुपारी तीनची बाटली गडद तपकिरी होती. रात्री बाराची तिच्याहून फिकी. पहाटे भरलेली तिसरी मी टॉर्चच्या उजेडात पहिल्या दोघींच्या शेजारी धरली, ती त्याहून फिकी होती. दिवसभर वनस्पती-प्लँक्टनने उन्हात तयार केलेला ऑक्सिजन रात्रभर सगळ्या जिवांनी मिळून वापरला होता. खाडीचा एक अख्खा दिवस तीन बाटल्यांत माझ्यासमोर उभा होता.

त्याच रात्री जाळीने आणखी एक गोष्ट दाखवली. प्राणी-प्लँक्टनसाठी आम्ही १५८ मायक्रॉनच्या घरांची रेशमी जाळी वापरायचो, वनस्पती-प्लँक्टनसाठी ४८ मायक्रॉनची. दुपारी पृष्ठभागावरून जाळी ओढली तेव्हा तळाच्या बाटलीत थोडंसं धुरकट पाणी आलं. रात्री अकराला ओहोटी जोरात लागलेली असताना तीच जाळी तेवढाच वेळ ओढली, आणि बाटली लापशीसारखी घट्ट भरून आली. टॉर्च धरली तर आत सगळं वळवळत होतं. कोपेपॉड, पारदर्शक बाणासारखे सॅजिटा, लांबट ल्युसिफर, आणि खेकड्यांची पिल्लं: डोक्यावर काटा, पाठीवर काटा आणि मोठाले काळे डोळे असलेले झोइया, इतके की मोजायला नंतर सँपलचे अनेकदा भाग करावे लागले.

हे प्राणी दिवसा खाली असतात, कारण उजेडात मासे त्यांना पाहून टिपतात. अंधार पडला की ते वर येतात. खेकड्यांच्या माद्यांचं गणित आणखी बारीक आहे. खाडीतल्या बऱ्याच जातींच्या माद्या पिल्लं सोडतात त्या रात्री, आणि ओहोटी लागल्यावर, म्हणजे अंधारात माशांना ती दिसणार नाहीत आणि उजाडायच्या आत उतरतं पाणी त्यांना समुद्राकडे घेऊन जाईल. समुद्रात ती वाढतात आणि परत खाडीत येतात. हा एवढा मोठा व्यवहार रोज रात्री चालतो आणि सकाळी दहाला जाळी घेऊन गेलेल्याला त्याचा मागमूसही लागत नाही. त्याच्या अहवालात तो लिहील, "खेकड्यांच्या डिंभावस्था अल्प प्रमाणात आढळल्या." तो खोटं लिहीत नाही. तो फक्त तिथे राहिलेला नाही.

त्या रात्रीच्या आधी आईशी फोनवर बोलणं झालं होतं. "रात्री होडीत कशाला? सकाळी नाही का पाणी काढता येत?" "आई, ओहोटी रात्रीची आहे." ती जरा थांबली. मग म्हणाली, "मग जा. पण गरम काहीतरी अंगावर घे." कोकणातल्या बाईला ओहोटीपुढे वाद घालता येत नाही. माझ्याबरोबरच्या काही मुलींच्या घरी मात्र हे इतक्या सहज पटत नसे, आणि घरच्यांना समजवायला वसतिगृहातल्या मोठ्या संशोधक मुली पुढे यायच्या. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. त्या त्यांच्याशी स्वतः बोलायच्या, होडीत बरोबर यायच्या. त्या नसत्या तर माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींचा अभ्यास सूर्यास्ताला थांबला असता.

पाण्याबद्दलचं अण्णांचं ज्ञान कुठल्याही तासात न मावणारं. नोव्हेंबरात नदीला पाणी आलेलं, वरून सगळं गढूळ लाल, जलपर्णीचे पुंजके समुद्राकडे वाहत चाललेले. मी पृष्ठभागाचं पाणी घेतलं, क्षारता सहा. अण्णांनी वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडली आणि मला ती बघायला सांगितलं. दोरी वरच्या बाजूला समुद्राकडे तिरकी होत होती, आणि खाली गेल्यावर उलटी, गावाच्या दिशेला ओढली जात होती. अण्णा म्हणाले, "वरचं पाणी नदीचं, ते चाललंय. खालचं समुद्राचं, ते येतंय. तुझी बाटली खाली सोड." तळाचं पाणी वर काढलं तर क्षारता बावीस. गोडं पाणी हलकं म्हणून वर, खारं जड म्हणून पाचरीसारखं खालून आत शिरतं. ही लवणाची पाचर मी परीक्षेत आकृतीसह लिहून आले होते, पूर्ण गुण मिळाले होते. ती माझ्या होडीखालून जात असेल असं मात्र मनात आलं नव्हतं. खाडीतल्या चिखलात राहणारे शिंपले पुरातही कसे जगतात याचं अर्धं उत्तर त्या दोरीत होतं. उरलेलं अर्धं शिंपल्यात: तो कवच घट्ट मिटून घेतो आणि वाट पाहतो.

माझा प्रबंध याच शिंपल्यावर होता, मेरेट्रिक्स कास्टा नावाच्या जातीवर. आपल्याकडच्या तिसऱ्यांचा हा नातेवाईक. वेगवेगळ्या क्षारतेच्या टाक्यांत तो किती काळ मिटून राहतो, कधी उघडतो, कधी मरतो, ते मी पाहत होते. २०११ च्या डिसेंबरअखेरीला थाने चक्रीवादळ आलं. ३० डिसेंबरच्या सकाळी ते कडलूर आणि पुदुच्चेरी यांच्या दरम्यान जमिनीवर चढलं. आमच्या उत्तरेला जिल्ह्यातल्या काजूच्या आणि फणसाच्या बागा उन्मळून पडल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्यांची झाडं एका रात्रीत आडवी. आमच्याकडे वीज गेली आणि बरेच दिवस आली नाही. टाक्यांतले हवेचे पंप बंद. आम्ही पाळीपाळीने मगने पाणी उंचावरून ओतत राहिलो. माशांची पिल्लं फार तगली नाहीत. शिंपल्यांनी कवचं मिटली आणि बहुतेक सगळे राहिले. वीज आल्यावर पंप सुरू झाले, आणि थोड्या वेळाने पहिल्या शिंपल्याने फट उघडून नळी बाहेर काढली, तेव्हा टाकीभोवती उभे असलेले आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो.

गावाबाहेर अन्ननकोविल आणि मुडसलओडै ही मासळी उतरवायची बंदरं आहेत. पहाटे तिथे जायचं, ते मुख्यतः ट्रॉलरच्या जाळ्यातल्या टाकाऊ मासळीसाठी. विकायची मासळी निवडून झाली की जो ढीग उरतो तो कोंबड्यांच्या खाद्याला जातो. वर्गीकरण शिकणाऱ्यासाठी तो ढीग म्हणजे खजिना. तीन ठिपक्यांची कुर्ली, पंजे तोंडावर धरून बसणारा कॅलापा, स्क्विला, समुद्री साप, कधी एखादा समुद्रघोडा. समुद्रघोडा आणि समुद्रकाकडी यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या सूचीचं संरक्षण आहे. जाळ्याला ते कळत नाही. ढिगात बोटभर लांबीची माशांची पिल्लं हजारांनी असायची. त्यांतली बरीच वर्षभराने सुरमई किंवा हलवा म्हणून विकली गेली असती. बंदरावरच्या बायकांना हे आमच्याआधी ठाऊक होतं. एक बाई मला दाखवायची, "हे बघ, हा एवढाच. हा आमच्या सुनेच्या वाट्याचा होता." हर्णैच्या लिलावात मी लहानपणापासून हेच बोलणं ऐकत आले होते, दुसऱ्या भाषेत.

जेवण्याबद्दल एक सांगायला हवं. तिथलं माशाचं कालवण चिंचेचं. मी घरून आमसुलं नेली होती आणि एकदा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पेडव्यांचं आमसूल घालून केलेलं तिखलं सगळ्यांना वाढलं. मदुराईची मैत्रीण म्हणाली, "छान आहे, पण यात चिंच कधी घालणार?" त्यानंतर दोघींनी आपापलं मत बदललं नाही.

दक्षिणेला पिचावरमचं कांदळवन. होडीने खाडीतून खाडीत शिरत गेलं की दोन्ही बाजूंनी कांदळाची कमानीसारखी मुळं पाण्यात उतरलेली, मागे तिवरांची श्वसनमुळं चिखलातून वर आलेली. चिदंबरमच्या नटराज मंदिराचा स्थलवृक्ष असलेला तिल्लै हाही याच वनातला, आपल्या किनाऱ्यावर ज्याला गेवा म्हणतात तो. त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती. आमच्या केंद्रातच वर्णन झालेली आणि विद्यापीठाचं नाव मिळालेली रायझोफोरा अन्नामलयाना ही संकर जातही इथलीच, ॲपिक्युलाटा आणि म्युक्रोनाटा या दोन कांदळांच्या मिश्रणातून झालेली. या वनाचे काही भाग पूर्वी पट्ट्यापट्ट्याने तोडले गेले. तोडलेली जमीन खचली, त्यात भरतीचं पाणी साचलं, आटत गेलं आणि इतकं खारट झालं की तिथे पुन्हा काही उगवेना. एम. एस. स्वामीनाथन रिसर्च फाउंडेशन आणि वनखात्याने तिथे माशाच्या काट्याच्या आकाराचे चर खणले, मधला मोठा आणि दोन्ही अंगांनी तिरके छोटे. भरतीचं पाणी आत येऊन परत बाहेर जाऊ लागलं, आणि झाडं तगली. रोप लावण्याआधी पाण्याला वाट द्यावी लागते, हे आपल्याकडे वनमहोत्सवात तिवरं लावणाऱ्या प्रत्येकाने पिचावरमला जाऊन पाहावं असं मला वाटतं.

२६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी माझ्या आधीची. पण केंद्रातल्या प्रत्येकाच्या बोलण्यात ती असायची. तिथल्याच प्रा. के. कातिरेसन आणि एन. राजेंद्रन यांनी परिसरातल्या १८ किनारी वस्त्यांचा अभ्यास करून २००५ मध्ये शोधनिबंध लिहिला: जिथे कांदळवन होतं तिथे जीवितहानी आणि नुकसान कमी झालं. तो जगभर उद्धृत झाला. पुढच्याच वर्षी केर, बेअर्ड आणि कॅम्पबेल यांनी त्याच आकड्यांची फेरमांडणी करून हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, वस्ती समुद्रापासून किती लांब आणि किती उंचावर, हे धरलं की झाडांचा वेगळा वाटा फारसा उरत नाही. आम्हाला हे दोन्ही निबंध शेजारी शेजारी ठेवून वाचायला लावले गेले, तेही मूळ निबंध जिथे जन्मला त्या इमारतीत. मग आम्ही त्या वस्त्यांमधून चालत गेलो. कांदळवनामागची वस्ती समुद्रापासून लांबही असते, कारण मध्ये कांदळवन असतं. दोन कारणं एकमेकांत गुंतलेली, आणि १८ वस्त्यांच्या आकड्यांतून ती सुटी करणं कठीण. माझं स्वतःचं मत असं झालं की कांदळवन राखायला त्सुनामीचा दाखला लागतच नाही. रात्रीच्या ओहोटीला जाळीत आलेले ते झोइया पुरेसे आहेत.

संध्याकाळी ग्रंथालय उघडं असायचं, आणि संग्रहालयात बाटल्यांच्या रांगा. बाटलीतल्या खेकड्यापेक्षा मी चिठ्ठी आधी वाचायची. ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, शाईने, वळणदार अक्षरात. कधी ठिकाण म्हणून आमच्याच धक्क्याचं नाव आणि तारीख माझ्या जन्माच्या आधीची. त्या माणसाने जिथे जाळी ओढली तिथे मी सकाळी ओढून आलेली असायची. एकाच पाण्याच्या नोंदी पन्नास वर्षं एका छताखाली साठत गेल्या की त्यांची किंमत काय होते, हे आज हवामानबदलाच्या काळात वेगळं सांगायला नको.

गेली काही वर्षं मी कोकणातल्या एका महाविद्यालयात शिकवते. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे असं आपण पाठ म्हणतो. रत्नागिरीत सागरी जीवशास्त्राचं संशोधन केंद्र आहे, मत्स्य महाविद्यालय आहे, शेजारी गोव्यात १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वनखात्याचा कांदळवन कक्षही काम करतो. तरी बी.एस्सी.चं पोर समुद्र शिकतं ते बसमधून. सकाळी उतरायचं, ओहोटी असो नसो किनाऱ्यावर फिरायचं, शिंपले पिशवीत भरायचे, दुपारी मत्स्यालय, संध्याकाळी परत. पुणे-नागपूरच्या मुलांचं सोडा, चिपळूणच्या मुलालाही आपल्या खाडीचं रात्रीचं पाणी ठाऊक नसतं.

आणि आपल्याकडे प्रश्न तर दाराशी पडलेले आहेत. कोयनेचं पाणी वीज निर्माण करून पश्चिमेला वाशिष्ठीत उतरतं. म्हणजे वाशिष्ठीच्या खाडीला भर मे महिन्यातही गोडं पाणी मिळतं. तिथून उत्तरेला आंजर्ल्याची जोग नदी. तिला पावसाळा संपला की समुद्राचंच पाणी. एकाच किनाऱ्यावर दोन खाड्या, एकीचं वर्ष माणसाने बदललेलं, दुसरीचं पावसाने चालवलेलं. दोन्हींतली कालवं, खेकडे, कोलंबीची पिल्लं यांची वर्षं सारखी कशी असतील? याचं उत्तर मुलं स्वतः काढू शकतात. लागतं काय तर थर्मामीटर, रिफ्रॅक्टोमीटर, दोन जाळ्या, बाटल्या, एक सूक्ष्मदर्शक, गावातल्या मच्छीमार संस्थेची एखादी रिकामी खोली, आणि पाणी ओळखणारा एखादा कोळी ज्याला आपण शिक्षक म्हणून मानधन देऊ.

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना म्हणून माझी एक मागणी आहे. दोन दिवसांची सहल बंद करा. तोच पैसा एका पंधरवड्याच्या मुक्कामात घाला. अमावास्येच्या उधाणाला सुरुवात करा, अष्टमीचा भांग बघा, पौर्णिमेच्या उधाणापर्यंत थांबा. एवढ्यात भरती-ओहोटीचं एक पूर्ण आवर्तन मुलांच्या हाताखालून जातं. मुलींच्या घरी आधी स्वतः जाऊन बोला, आणि रात्रीच्या होडीत त्यांच्याबरोबर बसा. पुढच्या वर्षीच्या मुलांना त्याच खाडीवर, त्याच जागी न्या, आणि आदल्या वर्षीच्या वह्या त्यांच्या हातात द्या.